सातारी उंदीर : नाव मिळाले, नकाशा बाकी

ताडोब्यातून वाघिणी आणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याची मोहीम सुरू झाल्यापासून शाहूवाडी तालुक्याच्या घाटमाथ्याकडे नव्याने पाहिले जात आहे. चांदोलीच्या दक्षिणेला निघालेला वाघ राधानगरीकडे जायचा, तर त्याची वाट उदगिरी, आंबा, विशाळगड अशी शाहूवाडीच्याच जंगलातून जाते. २०२०च्या अखेरीस राज्य वन्यजीव मंडळाने सह्याद्रीतील ज्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली, त्यांत सुमारे ९३ चौरस किलोमीटरचे विशाळगड राखीव याच हिशेबाने आले. पुढे जुलै २०२४मध्ये केंद्राने पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला आणि घाटमाथ्यावर काय राहते, काय राहू द्यायचे, ही चर्चा पुन्हा गावागावांत पोहोचली.

या चर्चेत वाघ असतो, गवा असतो, शेकरू असते. उंदीर नसतो. उंदराचे नाव निघाले तर ते विषाच्या गोळीबरोबर. तरीही याच घाटरांगेत झाडांवर राहणारा एक उंदीर आहे, जो जगात पश्चिम घाटाबाहेर कुठेही सापडत नाही आणि ज्याच्या शास्त्रीय नावात चक्क सातारा आहे : रॅटस सातारी. इंग्रजीत त्याला सह्याद्रीचा रानउंदीर म्हणतात. जवळजवळ शंभर वर्षे शास्त्रज्ञ त्याला घरातल्या काळ्या उंदराचाच एक प्रकार मानत होते. तो स्वतंत्र आहे हे आता स्पष्ट आहे. त्याचा नकाशा मात्र अजून ठिपक्यांचाच आहे. हा प्रश्न फक्त उंदरांच्या अभ्यासकांचा नाही. त्याचा एक धागा माकडतापापर्यंत जातो.

गोष्ट सुरू होते ती प्लेगपासून. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षे तो देशभर फिरत राहिला. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी मांडली. त्यानंतर हिंदुस्थानातले उंदीर कोणते, किती जातींचे, घरात कोणते आणि रानात कोणते, हा सरकारी कामाचा विषय झाला. १९१२च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. तिचे संग्राहक गावोगाव, घाटोघाट फिरून कातडी आणि कवट्या जमवत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत. तिथे मार्टिन हिंटन या अभ्यासकाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या उंदरांचा ढीग चाळला. १९१८मध्ये त्याने सातारा जिल्ह्यातल्या ‘घाटमाथा’ इथून आलेल्या नमुन्यांना ‘सातारी’ हे नाव दिले. ज्या हिंटनने सह्याद्रीतल्या उंदराचे नामकरण केले, त्याचीच ‘उंदीर : मानवजातीचे शत्रू’ अशा आशयाची पुस्तिका त्याच वर्षी त्याच म्युझियमने छापली, हा योगायोग मजेशीर आहे.

घाटमाथा हे मराठी माणसाला सामान्यनाम वाटेल, पण कुंभार्ली घाटाच्या वर त्या नावाची वस्ती आजही आहे. लेबलवर ते गावाचे नाव म्हणूनच चढले. परदेशातल्या कपाटातील एका चिठ्ठीवर ‘घाटमाथा, सातारा’ लिहिलेले असणे आणि ती चिठ्ठी त्या जातीची कायमची जन्मपत्रिका ठरणे, हा वर्गीकरणशास्त्राचा नियम आहे. जिथला नमुना पाहून नाव ठेवले, ते ठिकाण त्या जातीचे मूळ स्थान. पुढे कुणाला शंका आली की त्या नमुन्याशी आणि त्या ठिकाणाशी ताडून पाहायचे.

हिंटनने नाव दिले, पण स्वतंत्र जातीचा दर्जा दिला नाही. त्याच्या लेखी हा काळ्या उंदराचा, म्हणजे रॅटस रॅटसचा, एक उपप्रकार होता. काळा उंदीर हा प्राणीच तसा घोळ घालणारा. त्याचा रंग काळाच असतो असे नाही. तपकिरी पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे काळे उंदीरही असतात. घराच्या आढ्यावर, गोदामात, नारळाच्या झाडावर आणि जंगलाच्या कडेलाही तो राहतो. त्यामुळे रानात सापडलेला लांब शेपटीचा, पांढुरक्या पोटाचा कोणताही उंदीर ‘रॅटस रॅटस’ या मोठ्या पोत्यात टाकायचा आणि वर उपप्रकाराचे नाव चिकटवायचे, ही रीत पडली. १९६१मध्ये एलरमनने भारतातील कृंतकांवर जो प्रमाणग्रंथ लिहिला, त्यातही काळ्या उंदराच्या उपप्रकारांची अशीच लांब यादी आहे. साताऱ्याचा उंदीर त्या यादीत एक ओळ होऊन पडून राहिला.

त्याला बाहेर काढले ते २००५मधील जगातील सस्तन प्राण्यांच्या सूचीने. मसर आणि कार्लटन यांनी तिथे त्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. पुराव्यानिशी शिक्कामोर्तब झाले २०११मध्ये. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, कॉफीचे मळे आणि जंगल यांच्या सरमिसळीच्या प्रदेशात, फ्रेंच संशोधकांच्या सहभागाने उंदीर पकडून त्यांची तीन अंगांनी तपासणी झाली : शरीराची मापे, गुणसूत्रे आणि जनुके. तिन्हींचे उत्तर एकच आले. इथे दोन वेगळे उंदीर राहतात. एक माणसाच्या जवळ राहणारा काळा उंदीर, ज्याच्या पेशीत ३८ गुणसूत्रे असतात. दुसरा रानातला, वेगळ्या गुणसूत्रांचा, आणि तो हिंटनच्या सातारीशी जुळणारा.

यातला कळीचा मुद्दा ‘एकाच प्रदेशात’ हा आहे. दोन उंदीर शेकडो किलोमीटर दूर राहत असतील आणि थोडे वेगळे दिसत असतील, तर ती स्थानिक छटा आहे की वेगळी जात, यावर वाद घालता येतो. पण दोघे एकाच डोंगरावर शेजारीशेजारी राहतात, एकमेकांना भेटण्याची संधी त्यांना रोज मिळते आणि तरीही त्यांची जनुके मिसळत नाहीत, तेव्हा वादाला जागा उरत नाही. निसर्गानेच सीमा आखलेली असते.

असा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलेशियन डोंगरांत निओटोमा नावाच्या कुळातला एक रानउंदीर राहतो. (आपल्या उंदरांशी त्याचे नाते दूरचे; रानउंदीर हे नाव तेवढे सारखे.) १८५७मध्ये स्पेन्सर बेअर्डने त्याला स्वतंत्र नाव दिले. १९५७मध्ये त्याला दक्षिणेकडील, भरपूर पसरलेल्या फ्लोरिडा रानउंदराचा उपप्रकार ठरवून टाकले गेले. १९९२मध्ये मायटोकाँड्रियातील डीएनए तपासल्यावर तो पुन्हा स्वतंत्र ठरला; दोघांच्या प्रदेशांमधली सीमा बरीचशी टेनेसी नदीने आखलेली निघाली. या मधल्या ३५ वर्षांत काय झाले, ते महत्त्वाचे. चेस्टनटची झाडे बुरशीच्या रोगाने आधीच मेली होती आणि त्याचे मोठे खाद्य गेले होते. रकून या प्राण्याच्या पोटातला एक जंत त्याच्या मेंदूला भिडू लागला, कारण या उंदराला काटक्या, बिया, वाळलेली विष्ठा, असे काहीबाही गोळा करून घरात साठवायची खोड आहे आणि रकूनच्या विष्ठेत जंताची अंडी असतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातून तो नाहीसा झाला. जोवर कागदावर तो एका मुबलक जातीचा उत्तरेकडील तुकडा होता, तोवर ही घट म्हणजे सीमेवरची किरकोळ हालचाल वाटत होती. स्वतंत्र जात ठरल्यावर तीच घट अस्तित्वाचा प्रश्न झाली. उंदीर तोच, डोंगर तेच; बदलली ती फक्त वहीतली नोंद.

सातारी उंदराचे असेच आहे. काळा उंदीर हा जगातल्या सर्वांत यशस्वी सस्तन प्राण्यांपैकी एक. जहाजांतून जगभर पोहोचलेल्या त्याच्या वंशाचे मूळ भारतीय उपखंडातले, असे जनुकीय अभ्यास सांगतात. त्याच्या संरक्षणाची चिंता कुणी करू नये. सातारी मात्र सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाच्या झाडांवर राहणारा, पश्चिम घाटापुरता मर्यादित. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या गटात आहे. साताऱ्याचे मूळ स्थान आणि कोडगू यांच्यात सरळ रेषेने साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. दोन टोकांना ठिपके दिले की मधली जागा रंगवून टाकण्याचा मोह नकाशा काढणाऱ्याला होतोच. या मधल्या पट्ट्यात शाहूवाडी येते, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड येतात, पुढे आंबोली आणि तिलारी. आंबा घाटाच्या माथ्यावरचे जंगल किंवा तिथल्या देवराया त्याला राहण्याजोग्या आहेत. पण हे जंगल सलग नाही. मध्ये जांभ्याचे उघडे सडे आहेत, भात-नाचणीची खाचरे आहेत, धरणांचे जलाशय आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात ठिकठिकाणी बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि आंबा घाटातून जाणारा कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग रुंद होतो आहे. वाघ एका रात्रीत सडा ओलांडून पलीकडच्या जंगलात जाईल. फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या उंदराला तोच सडा समुद्रासारखा. म्हणून वाघाच्या मार्गासाठी पुरेसा ठरलेला नकाशा या उंदरासाठी पुरेसा ठरेलच, असे नाही. सलग रंगवलेला पट्टा प्रत्यक्षात एकमेकांपासून तुटलेल्या बेटांची माळ असू शकते, आणि ते रात्री झाडावर पिंजरे लावूनच कळते.

आता आरोग्याचा धागा. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार, १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू गोचिडीतून पसरतो. वानरे आणि माकडे मरू लागली की गावाला धोक्याची चाहूल लागते. २०१६मध्ये तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. त्याच सुमारास गोव्याच्या सत्तरीत आणि बेळगावच्या खानापूर भागातही रुग्ण सापडले. जुनी लस परिणामकारक नसल्याने वापरातून गेली आहे आणि नवीन लसीवर काम सुरू आहे. म्हणजे आज तरी मुख्य हत्यार म्हणजे पाळत : कुठे माकड मेले, कुठल्या जंगलातल्या गोचिडीत विषाणू आहे, आणि तो माकडांच्या साथी नसताना कुठे दबा धरून राहतो.

शेवटच्या प्रश्नात उंदीर येतो. गोचिडीची पिल्ले सुरुवातीला लहान प्राण्यांचे रक्त पितात. साठीच्या दशकात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, शिमोग्याच्या जंगलात पिंजरे लावून लहान सस्तन प्राणी पकडले आणि तपासले. विषाणू मिळाला तो तीन नावांखाली नोंदलेल्या प्राण्यांत : चिचुंद्री, पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर आणि ‘रॅटस रॅटस रौटनी’. हे तिसरे नाव हिंटननेच १९१९मध्ये दिलेले, मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रौटन यांच्यावरून, आणि तेही काळ्या उंदराचा रानातला उपप्रकार म्हणून. ज्या काळात रानातला प्रत्येक लांबशेपटी उंदीर काळ्या उंदराच्या पोत्यात जात होता, त्या काळात ‘रौटनी’ म्हणून लिहिलेले सगळे उंदीर एकाच जातीचे होते का? २०११नंतर हा प्रश्न विचारावाच लागतो.

फरक पडतो तो असा. विषाणू जपणारा उंदीर घर आणि जंगल यांच्यात ये-जा करणारा काळा उंदीर असेल, तर गोचीड गावाच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याची क्षमता त्याच्यात आहे. तो फक्त जंगलाच्या झाडांवर राहणारा सातारी असेल, तर धोका जंगलात शिरणाऱ्याला : सरपण आणणाऱ्या बाईला, काजूच्या बागेत राबणाऱ्याला, जनावरे चारणाऱ्या धनगराला. पहिल्या बाबतीत घरोघरच्या उपाययोजना लागतात, दुसऱ्या बाबतीत जंगलाच्या वाटा आणि कामाचे हंगाम पाहावे लागतात. दोन्हींचा खर्च वेगळा, माणसे वेगळी.

महाराष्ट्राला हा धडा एकदा मिळालेला आहे. १९९४मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. प्लेगच्या जंतूची जुनी ठाणी रानात, शेताच्या बांधातल्या जर्बिलसारख्या उंदरांत असतात. माणसापर्यंत तो येतो तेव्हा मधला पूल बहुतेक वेळा घरातला उंदीर असतो. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले, रानातला आणि घरातला उंदीर जवळ आले, असे एक स्पष्टीकरण त्या वेळी मांडले गेले. ते कितपत खरे यावर मतभेद आहेत. पण ‘उंदीर’ एवढाच शब्द वापरला तर त्या मतभेदावर बोलताही येत नाही.

रोग शोधायला निघालेल्यांनी नवी जात शोधल्याचे उदाहरणही इथलेच आहे. विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा आणि धांडा यांनी १९७५मध्ये सिंहगडावरच्या एका मऊ केसांच्या उंदराचे वर्णन केले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला ‘मिलार्डिया कोंढाणा’ म्हटले. तेव्हा तो फक्त त्या गडाच्या माथ्यावरून माहीत होता, आणि आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. पांढऱ्या शेपटीच्या रानउंदराचीही कहाणी अशीच फिरती. १८८१मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांच्या नावाने त्याची नोंद झाली. मग तो मूस कुळातून रॅटसमध्ये, तिथून क्रेम्नोमिसमध्ये आणि शेवटी मॅड्रोमिसमध्ये गेला. जुन्या विषाणू अहवालात ‘रॅटस ब्लॅनफर्डी’ वाचणाऱ्या तरुण डॉक्टरला हा तोच प्राणी आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी साठ वर्षांची माहिती हरवल्यासारखीच.

कायद्याने या गोंधळात भरच घातली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. तिच्यात कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर ‘उंदीर’ असा सरसकट उल्लेख होता. जात नाही, प्रदेश नाही. त्यामुळे सिंहगडाचा संकटग्रस्त उंदीर आणि सह्याद्रीचा सातारी हे दोघेही कायद्याच्या भाषेत कुणीही मारावे असे होते. २०२२च्या दुरुस्तीने ही अनुसूची गेली, हे बरे झाले. सवय मात्र अनुसूचीबरोबर जात नाही.

शाहूवाडीतल्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. भाताच्या खाचरात आणि उसात नुकसान करणारे उंदीर म्हणजे मुख्यतः बांधात बिळे करणारी लहान घूस, मऊ केसांचा शेतउंदीर आणि छोटे शेतातले उंदीर. हे सगळे जमिनीत राहणारे आहेत. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष चालू बिळात ठेवले तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचते. जंगलाच्या कडेला, झाडांच्या बुंध्याशी उधळले तर ते सातारीसारख्या निरुपद्रवी उंदराला आणि ब्रोमॅडिओलोनच्या बाबतीत तो मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडालाही लागते. एका हंगामात शेकडो उंदीर फस्त करणारे गव्हाणी घुबड गमावून शेतकऱ्याचा फायदा होत नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या दृष्टीनेही लक्ष द्यायचे ते घरातल्या आणि शेतातल्या उंदरांकडे, कारण पाण्यात-चिखलात त्यांचे मूत्र मिसळते आणि तिथेच माणूस अनवाणी राबतो.

नकाशा पूर्ण करण्याचे काम फार खर्चाचे नाही. माकडतापाच्या पाळतीसाठी जिथे पिंजरे लागतात, तिथे पकडलेल्या प्रत्येक उंदराचे मोजमाप, कानाचा छोटा तुकडा आणि ठिकाणाची अचूक नोंद ठेवली, तर तीच सामग्री विषाणू तपासणीलाही चालते आणि वर्गीकरणालाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे केंद्र आहे, मुंबईत नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा जुना संग्रह आहे. अडचण आहे ती खात्यांच्या भिंतींची. आरोग्य विभागाचा पिंजरा विषाणू पाहतो आणि उंदीर फेकतो. वन विभागाचा कॅमेरा वाघ पाहतो, आणि फांदीवरून सरकलेली लहान सावली कुणी उघडून पाहत नाही. विशाळगड राखीव क्षेत्राचे व्यवस्थापन करताना लहान सस्तन प्राण्यांची पाहणी त्यात घालायची की नाही, हा निर्णय वन विभागाच्या हातातला आहे. माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे असा असतो. पिंजरे लावायचे, तर त्याआधी.